नांदेडच्या खोलीतली साक्ष

खोटं बोलण्यात भागूबाईचा फायदा किती होता, ते आधी मांडून घेतलेलं बरं. नाहीतर वाचणारा उगाच तिला दुष्ट ठरवून मोकळा होईल, आणि भागूबाई दुष्ट मुळीच नव्हती; तिला फक्त लेक उजवायची होती. मेंढरांच्या मागं जन्म काढलेल्या, साखरा गावच्या या विधवा बाईला तीन लेकरं. थोरला नामाजी, चाळिशीला टेकलेला, बिनलग्नाचा, बारा महिने कळपाबरोबर रानात. मधला बजरंग, दहावीपर्यंत शिकलेला, शेत बघणारा, राधिकेचा नवरा. आणि शेंडेफळ अंजली. या अंजलीला कळमनुरीचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा सरकारी शाळेत शिपाई, घरावर स्लॅब, दारात नळ... आणि सगळ्यांत मोठी जमेची बाजू म्हणजे घरात सासू नव्हती! सासू नसण्याची किंमत भागूबाईइतकी नीट कोण ओळखणार? तिकडचा सारा कारभार मुलाच्या मामाच्या, रामप्रसादच्या हाती. तो 'हो' म्हणाला की अंजलीचं भाग्य उघडलं. आणि तो 'नाही' कशानं म्हणेल, हेही भागूबाईला पक्कं ठाऊक होतं. या घराच्या रक्तात काहीतरी आहे, एवढा संशय पुरे!

दोन हजार एक सालच्या त्या सकाळी राधिका आपल्या लेकीची वेणी घालत होती. वेणी घालणं कसलं, ते रोजचं युद्धच होतं. कौतिकाचं पाचवं वर्ष सरत आलं होतं, आणि डोक्याला फणी लागली की ती पोर विस्तवावर पाय पडल्यासारखी किंचाळायची. हाक मारली तर वळून बघायची नाही. पाणी हवं असलं तर आईचा हात मनगटाला धरून रांजणाकडे ओढत न्यायची. बोट म्हणून दाखवायची नाही, शब्द म्हणून काढायची नाही. क्वचित बोललीच तर दुसऱ्यानं म्हटलेलं जसंच्या तसं. "जेवतीस का?" विचारलं तर "जेवतीस का, जेवतीस का" करत अंगणभर फिरायची. हिंगोलीच्या दवाखान्यात कान तपासून झाले होते. कान खणखणीत निघाले. मग शाळेच्या मास्तरांनीच सांगितलं होतं, नांदेडला लेकरांच्या मनाचं बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना दाखवा.

त्या नांदेडच्या आशेवर राधिका किती दिवस जगली होती! आदल्या संध्याकाळी गोठ्यात बजरंगनं तिला शब्द दिला होता, "त्या बाई जे इचारतील त्याचं समदं खरं मी सांगतो. तू घाबरू नको." नवऱ्याच्या त्या एका वाक्यावर तिचं सारं अंतःकरण भरून आलं होतं.

आणि आता भागूबाई दारातून म्हणाली, "राधे, पदर नीट घे. कळमनुरीचे पाव्हणे बी येऊन राहिलेत संगं."

"कोण पाव्हणे?"

"रामप्रसाद. त्यायला नांदेडचे दवाखाने पाठ हायेत म्हनं. आपल्याला वाट दावतेत."

राधिकेच्या हातातली फणी थांबली. रामप्रसादला दवाखाने पाठ असतील नसतील, पण सोयरीक करण्याआधी घर आतून बाहेरून पारखून घेणं त्याला चांगलंच पाठ होतं. "आत्याबाई, त्यायच्यासमोर... कौतीचं समदं कसं सांगायचं?"

"तुला कोण सांगायला लावलं? मी हाय की," भागूबाई म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ होता की राधिकेला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

दवाखान्यातली खोली लहान होती. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर लाकडी ठोकळे, एक बाहुली, एक चावीची मोटार. डॉक्टरीणबाई खुर्ची सोडून स्वतः सतरंजीवर बसल्या. त्यांनी साबणाचे फुगे उडवले, मध्येच थांबवले, आणि कौतिका काय करते ते पाहत राहिल्या. कौतिकानं त्यांच्याकडे न बघता त्यांचा हातच फुग्यांच्या डबीवर नेऊन ठेवला. त्यांनी नावानं हाक मारली, पुन्हा मारली. वर पंख्याकडे बोट दाखवून "अगं बाई, ते बघ!" म्हटलं. कौतिकानं पंखाही पाहिला नाही, बोटही नाही. ती ठोकळे एकामागं एक लावत होती, आणि एक जरा वाकडा झाला की सगळे मोडून पुन्हा पहिल्यापासून.

मग बाई वर बसल्या आणि म्हणाल्या, "मी जे आज पाहिलं ते अर्ध्या तासाचं. ते पुरत नाही. ही अगदी लहान असताना कशी होती, ते घरच्यांनी सांगायचं असतं. त्याच्यावर बरंच काही ठरतं. पहिली तीन वर्षं हिला कोणी सांभाळलं?"

"म्या," भागूबाई म्हणाली. ते खरं होतं. राधिका पहाटे शेतात जायची. सूनबाईनं राबायचं आणि नातवंडं सासूनं बघायची, ही घराची रीतच होती.

"बोलायला कधी लागली?"

"दोन वर्साची व्हईस्तोर चुरूचुरू बोलायची, बाई! आजी म्हणायची, मामा म्हणायची..."

राधिकेनं मान वर केली. पदराआड तिचे डोळे विस्फारले. आजी? कौतिकानं जन्मात कुणाला आजी म्हटलं नव्हतं!

"दुसऱ्या मुलांत खेळायची? काही नवीन दिसलं की तुम्हाला आणून दाखवायची?"

"तर! समदं दावायची. चिमणी दावायची, मेंढरू दावायची."

"मग हे कधीपासून?"

भागूबाईनं एकदा रामप्रसादकडे पाहिलं. रामप्रसाद खिडकीशी उभा राहून दाताखाली सुपारी फिरवत होता; ऐकत नसल्यासारखं दाखवून एकूण एक शब्द ऐकत होता. भागूबाई म्हणाली, "ह्या सुनेची माय आजारी व्हती तवा ही पोरीला घेऊन माहेराला गेली, पुसेगावला. थितं लेकराकडं कोणाचं ध्यान नव्हतं. दोन महिन्यांनी आली ती मुकीच आली."

आई मरणपंथाला लागली होती म्हणून राधिका गेली होती! आईच्या उशाशी बसून एका मांडीवर कौतिकाला घेऊन तिनं ते दिवस काढले होते... त्याच दिवसांचा हा असा चाबूक व्हावा?

"घरात आणखी कुणी असं आहे? लहानपणी उशिरा बोलणारं, एकटं राहणारं? वडिलांकडून, आईकडून?"

"न्हाई," भागूबाई म्हणाली. "आमच्याकडं कोणीच न्हाई."

डॉक्टरीणबाई राधिकेकडे वळल्या. "आईला काही सांगायचंय?"

सांगायचं होतं! तिच्या ओठांच्या आत सारा जन्म उभा होता. पण समोर सासू होती, आणि खिडकीशी होणारा सोयरा. सोयऱ्यासमोर सासूचं बोलणं खोटं पाडणारी सून साखऱ्यात अजून जन्मायची होती. शहरातल्या बाईंना हे कसं कळावं, की ज्या बाईनं सगळं पाहिलंय तिलाच या खोलीत तोंड नाही? आणि राधिकेच्या डोळ्यांपुढे अंजलीही होती. नऊ-दहा वर्षांची परकरी अंजली, लग्नाच्या पहिल्या रात्री घाबरलेल्या वहिनीच्या कुशीत येऊन झोपलेली... एक शब्द बोललं की त्या पोरीचं लग्न मोडत होतं. राधिकेनं पदराआडून नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं शब्द दिला होता. तो पुरुष होता, तो बाप होता. त्याला कुणी अडवलं नव्हतं!

बजरंगनं घसा खाकरला.

"आई म्हणते ते बराबर हाय," तो म्हणाला.

तेवढ्यात बाहेर कुठंतरी रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला. कौतिकानं दोन्ही कानांवर हात दाबले आणि ती आकांत करत भिंतीवर डोकं आपटू लागली. राधिका तिला उचलून बाहेर धावली. बाईंनी बजरंगला एकट्यालाच आत थांबवून घेतलं. पाच मिनिटांनी तो बाहेर आला, आणि रामप्रसादनं "काय म्हणाल्या?" विचारल्यावर बायकोकडे न बघता म्हणाला,

"आईचं ध्यान न्हाई म्हणून झालं म्हणतेत. ध्यान दिलं की सुधरंल."

रामप्रसादनं सुपारी थुंकली. त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे रक्तात काही न्हाई," तो म्हणाला. "मग काय, बैठक कवा बसवायची, मावशी?"

राधिका दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. मांडीवर हुंदके देणारं लेकरू, आणि कानात सोयरिकीचा मुहूर्त. ज्याला सर्वस्व मानलं त्यानं अशा सहजपणे आपल्याला विकून टाकावं... कसायालासुद्धा मेंढरू देताना नामाजीचा हात थरथरायचा!

घरी आल्यावर तिनं विहिरीवर बजरंगला गाठलं. "काहून केलं असं? तुमी बाप न्हाई का तिचे?"

"अंजलीचं होऊन जाऊ दे, राधे," तो दोराकडे बघत म्हणाला. "मग आपण पुन्हा जाऊ नांदेडला. तुझी शपथ."

"आन् तवर मी काय लेकरू मुकं करणारी?"

"लोक चार दिवस बोलतेत. मग इसरतेत."

लोक विसरले नाहीत. लोकांना एवढी चांगली गोष्ट दुसरी कुठं मिळणार होती? पाणवठ्यावर बाया नव्या सुनांना राधिकेकडे बोट दाखवून शिकवू लागल्या, लेकराला असं टाकून माहेरी बसू नये. अंजलीचं लग्न थाटात झालं. मग नांदेड पुढं ढकलायला कारणांना तोटा नव्हता. आधी अंजली नवी नवरी, तिकडं विषय नको. मग अंजलीला दिवस गेलेले. मग सोयाबीन काढणीला आलेलं. बजरंग प्रत्येक वेळी शपथ घ्यायचा आणि प्रत्येक वेळी ती थोडी स्वस्त व्हायची. राधिकेनं एकदा एकटीनं निघायचा प्रयत्न केला, तर हिंगोलीच्या स्टँडवरून त्यानं तिला परत आणली. "बाई म्हणाल्या का पुन्हा या म्हणून? न्हाई ना? मग काहून जीव काढून राहिलीस?" ती अडाणी होती, तिला वाटलं, खरंच बोलावलं नसेल.

शाळेनं कौतिकाला दोनदा घेतली आणि दोनदा परत पाठवली. शेवटी ती चुलत्याच्या मागं मेंढरांबरोबर जाऊ लागली. नामाजी आणि कौतिका! दोघं रानात दिवसभर एकमेकांपासून वीस हातांवर बसायची आणि एकमेकांशी बोलायची नाहीत, आणि तरी संध्याकाळी दोघांचेही चेहरे निवांत असायचे. नामाजीचा गावात मोठा लौकिक होता. भाऊजय समोर आली की नजर जमिनीवर. तिच्याशी कधी शब्द नाही, तिच्या हातचं ताटही ती बाजूला झाल्यावरच ओढायचा. "थोरला दीर असावा तर असा," बाया म्हणायच्या, "कशी मर्यादा पाळतो!" लग्नाच्या वरातीत बँड वाजला की तो गाव सोडून माळावर जायचा, तेही त्याच्या साधेपणात जमा. एका माणसाच्या नावावर लोकांनी किती पुण्य लिहून ठेवलं होतं! त्याला हे सगळं जड जात असेल, असं मात्र कुणाच्या मनातही आलं नाही. राधिकेच्यासुद्धा नाही. रीतीप्रमाणं तिनं या दिराच्या तोंडाकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात अंजली माहेरी आली. हातात पिशवी, डोळे सुजलेले, आणि तिच्या आधी धावत आलेली पाच वर्षांची वेणू. वेणूनं पाण्याचा हंडा पाडला, कोंबड्या उधळल्या, माळवदाच्या शिडीवर चढली आणि तिथून "मामी!" अशी हाक मारली, हे सगळं अंजली उंबऱ्याच्या आत येण्याआधी.

"बालवाडीत ठरंना, आई," अंजली रडत म्हणाली. "एका जागी बसतच न्हाई. सांगितलेलं डोक्यात ऱ्हात न्हाई. त्या दिशी सडकेवर पळाली, ट्रकखाली जाता जाता वाचली. तवापासून रामप्रसाद मामंजी म्हणून राहिलेत, आईचं ध्यान न्हाई. ते म्हणतेत, म्या सोता नांदेडला ऐकलंय, तुमच्या साखऱ्याच्या बायायला लेकरं सांभाळताच येत न्हाईत. तुझी वहिनी तशी, तू बी तशी! म्हणतेत, पोरीला घेऊन माहेरी ऱ्हा. पोराचं दुसरं लगीन करतो..."

भागूबाई चुलीशी बसली होती. तिच्या हातातला भाकरीचा उंडा तसाच राहिला. तिनं सात वर्षांपूर्वी नांदेडला पेरलेलं कळमनुरीला उगवून आलं होतं, आणि नेमकं लेकीच्याच दारात.

"नांदेडला जाऊ," भागूबाई अखेर म्हणाली. "त्याच बाईकडं. पाव्हण्यालाबी न्यायचं." मग तिनं मान न वळवता हाक मारली. "राधे, तू चल. तू सांग त्यायला खरं काय ते."

राधिका वळली.

"मी? मी काहून सांगू, आत्याबाई? माझी लेक जळत व्हती तवा मला तोंड नव्हतं. आता तुमची लेक जळायली तर मला तोंड फुटलं का?"

"वहिनी..." अंजली तिच्या पायाशी बसली. "मला काहीच ठावं न्हाई गं. काय झालं व्हतं नांदेडला?"

खरंच, या पोरीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिच्यासाठी कुणी किती भरलं, हे तिला ठाऊक नव्हतं. राधिकेनं तिचे खांदे धरून तिला उठवलं. मग ती सासूला म्हणाली, "येते मी. पण तिथं मी बोलणार न्हाई. ज्या तोंडानं तवा सांगितलं त्याच तोंडानं सांगायचं, रामप्रसाद पाव्हण्यासमोर. आन् कौतीला, थोरल्या भाऊजींलाबी संगं घ्यायचं."

थोरल्याचं नाव ऐकताच भागूबाईचा चेहरा राखेसारखा झाला. म्हणजे राधिकेला सगळं कळत होतं तर! मर्यादेचा पदर कितीही ओढला, तरी रोज संध्याकाळी कळपामागून परतणारी ती सारखी दोघं बघणारे बाईचे डोळे काही बंद नसतात.

डॉक्टरीणबाईंचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी आधी वेणूला पाहिलं. अंजलीला विचारलं, मग रामप्रसादलाही विचारलं, बालवाडीच्या बाईंनी काय सांगितलं तेही ऐकलं. "घरी एक आणि शाळेत एक असं आहे का, ते पाहावं लागतं," त्या म्हणाल्या. "फक्त घरी असतं तर गोष्ट वेगळी. ही दोन्हीकडे तशीच आहे." मग कौतिकाकडे वळल्या. बारा वर्षांची कौतिका कोपऱ्यात बसून स्वतःच्या बोटांकडे पाहत होती. बाई बराच वेळ तिच्याजवळ बसल्या.

"हिला मी आधी पाहिलंय," त्या म्हणाल्या. "हिची पहिली तीन वर्षं पुन्हा सांगा."

रामप्रसाद आपणहून म्हणाला, "बाई, आईचं ध्यान नव्हतं. तुमीच म्हणाला व्हता."

"मी?" बाईंच्या कपाळावर आठी आली.

भागूबाई खुर्चीवरून उतरून सतरंजीवर बसली.

"तवा म्या खोटं सांगितलं, बाई," ती म्हणाली. "ही पोर कवाच बोलली न्हाई. आजी म्हणाली न्हाई, चिमणी दावली न्हाई. सा महिन्याची व्हती, म्या तोंडापुढं टाळी वाजवली, तर हिनं माझ्या बांगडीकडं पाहिलं आन् माझ्याकडं पाहिलंच न्हाई... तवाच म्या वळखलं. घरात पहिल्यांदा म्याच वळखलं! काहून की म्या ते आधी एकदा पाहिलं व्हतं."

तिनं दाराकडे बोट केलं. दाराशी नामाजी भिंतीला टेकून उभा होता, मान खाली.

"हा सा वर्साचा व्हईस्तोर बोलला न्हाई. डफडं वाजलं की मुंडकं आपटायचा, म्हणून खुट्याला बांधून ठेवायची मी. माझी सासू म्हणायची, तुझं दूधच वाईट. साऱ्या गावासमोर म्हणायची... आन् मग म्या बी तेच केलं, बाई. माझ्या सुनेला तेच म्हणाले!"

"अवो मावशी," रामप्रसाद गोंधळून म्हणाला, "नामाजी तर देवमाणूस. भाऊजयीसमोर नजर वर करत न्हाई, संस्कार म्हणतेत त्याला..."

"संस्कार न्हाईत ते, पाव्हणं!" भागूबाईचा आवाज फाटला. "त्यानं माझ्याकडं बी कधी पाहिलं न्हाई. आईची कोणी मर्यादा पाळतं का?"

राधिकेनं आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून थोरल्या दिराच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा कौतिकाचाच होता... फक्त उन्हानं रापलेला, पिकलेला, आणि फार फार दमलेला.

बाईंनी नामाजीलाही बसवलं. मोठ्या माणसाचं असं एका दिवसात सांगता येत नाही, त्या म्हणाल्या, पण आईनं लहानपणाचं सांगितलं हे फार मोलाचं झालं. मग त्यांनी त्यालाच विचारलं, "लोकांत बसायला काय तकलीफ होते तुम्हाला?"

नामाजी जमिनीकडे बघत म्हणाला, "समदे एकदम बोलतेत."

"लग्न करावंसं वाटलं होतं?"

त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "मला कोणी इचारलं न्हाई."

भागूबाईनं पदर तोंडात कोंबला.

बाई मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. कौतिकाला आहे त्याला स्वमग्नता म्हणतात, वेणूचं वेगळं, तिला चंचलपणा आणि लक्ष न टिकण्याचा आजार. दोन्ही जन्मापासूनचं, दोन्ही घराण्यात चालू शकतं, आणि दोन्हींत आईचा काडीचा दोष नाही. हे त्यांनी रामप्रसादकडे बघून दोनदा सांगितलं. आणि शेवटी त्या सगळ्यांमागं उभ्या असलेल्या बजरंगकडे वळल्या.

"पण तुम्ही का नाही आलात? मी तुम्हाला त्याच दिवशी आत थांबवून सांगितलं होतं. आजीबाई सांगतात ते आणि मी पाहते ते जुळत नाही. पुढच्या महिन्यात हिच्या आईला एकटीला घेऊन या, तिला सगळ्यांसमोर बोलता येत नाही. मी वाट पाहिली तुमची."

राधिकेच्या कानात एकदम काहीतरी बंद पडल्यासारखं झालं. बोलावलं होतं... तिलाच बोलावलं होतं! एका अनोळखी बाईला पाच मिनिटांत तिचं मुकेपण कळलं होतं, आणि जन्माच्या जोडीदारानं तो निरोप सात वर्षं गिळून ठेवला होता. सासूचं खोटं तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, त्या खोट्याशी ती मनात भांडली होती, त्याच्यासोबत जगली होती. पण हे? हिंगोलीच्या स्टँडवरून तिचा हात धरून परत आणताना हे त्याच्या पोटात होतं?

"राधे," बजरंग रडवेल्या आवाजात म्हणाला, "म्या अंजलीसाठी... मला वाटलं, एकदा खरं निघालं की समदंच..."

"तुमाला वाटलं," ती म्हणाली. एवढंच.

बाहेर पायरीवर भागूबाई तिच्यासमोर हात जोडून उभी राहिली. सासूनं सुनेला हात जोडणं हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. "माझ्या सासूनं मला कवाच सोडलं न्हाई गं," ती म्हणाली. "तू सोड. सोडशील का?" राधिकेनं ते सुरकुतलेले हात आपल्या हातांत घेतले, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की येणारे-जाणारे थांबून बघू लागले. एकाच दोषाखाली भरडलेल्या त्या दोन बाया; एकीनं दुसरीला भरडलं होतं, तरी दळण एकच होतं.

बजरंग जरा दूर उभा राहिला. त्याला वाटलं, आता आपलीही पाळी येईल. ती आली नाही.

त्यानंतर राधिका दर महिन्याला कौतिकाला घेऊन नांदेडला जाऊ लागली. बजरंग पिशवी घेऊन दारापर्यंत यायचा, "मी येऊ का?" विचारायचा, आणि ती त्याच्या हातातली पिशवी घेऊन एस.टी.कडे चालू लागायची. जेवायला वाढायची, आजारपणात उशाशी बसायची, काही कमी केलं नाही. फक्त त्यानं कधी कशाची शपथ घेतली की ती उठून दुसऱ्या कामाला लागायची.

आता कुणी किती भरलं ते बघू. रामप्रसादनं काहीच भरलं नाही. उलट कळमनुरीला जाऊन 'यात आईचा दोष नाही, मी आधीच म्हणत होतो' असं सांगत फिरला, आणि त्याच्या या फुशारकीवरच अंजलीला सासरी परत जागा मिळाली. अंजलीनं थोडं भरलं, आणि वेणूचं वेळेत कळलं म्हणून ते पुढं फिटतही गेलं. भागूबाईनं एका खोलीत, सोयऱ्यासमोर, सारी अब्रू भरली. नामाजीनं चाळीस-पंचेचाळीस वर्षं भरली, आणि लोकांनी त्याची पावती सद्गुण म्हणून फाडली. बजरंग अजून भरतोय. त्याचं संपेल असं दिसत नाही. राधिकेनं काय भरलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

आणि कौतिका? नांदेडच्या खोलीत कौतिका तेराव्या वर्षी पाण्यासाठी बोट दाखवायला शिकली. त्या दिवशी राधिका आनंदानं वेडी झाली. बाईंचे पाय धरायला वाकली. बाईंनी तिला वरच्यावर धरलं, आणि न राहवून म्हणाल्या, "पाचव्या वर्षापासून येत राहिली असती तर..." आणि तिथंच थांबल्या. सगळ्यांत जास्त कौतिकानंच भरलं होतं. आणि त्या पूर्ण व्यवहारात तिचा फायदा कशात आहे, हे कुणी मोजलंसुद्धा नव्हतं.